आयुक्तबाईंच्या टेबलावरची बरणी

नाही नाही, ते खोड आधी. 'नर्स' लिहू नकोस. ड्रीमा कधीच नर्स नव्हती गं. कुणी म्हटलंच तर फणकारायची, "मला सुई टोचता येत नाही, आणि टोचूनही घेता येत नाही." ती क्लिनिकात पुढच्या टेबलाशी बसायची. दार ढकललं की आधी ड्रीमा, मग देव, मग डॉक्टर, असं आपल्या स्लेट क्रीकच्या खोऱ्यात म्हणायचे. हां, हे लिही.

आता ती टेबल सोडतेय म्हणून तुम्ही पोरी तिच्यावर चार पानं करताय, चांगलंच आहे. पण मी सांगते तसंच लिही. शहाणपणा करून सुधारू नकोस.

उंच, हाडं मोठी, आणि आवाज म्हणजे लाकडाच्या गिरणीचा भोंगा. नवरा ओकी कास्टो. खाणीत पाठ मोडून बसला तेव्हापासून मधमाश्या पाळतो. तो म्हणतो, "मला माश्या चावत नाहीत, कारण त्यांनी घरातला आवाज ऐकलाय." दोन पोरं त्यांना. थोरला डेन्झिल, धाकटी टॅम्रा.

डेन्झिलपासूनच सुरू करायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

डेन्झिल जन्मला तेव्हा इथे दुसरे डॉक्टर होते. नाव नको, त्यांची लेकरं अजून येतात-जातात. तो होता हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. त्या दिवशी आपल्याकडे शाळासुद्धा बंद, मग डॉक्टरचं काय घेऊन बसलीस! गाडीत बंदूक, डोक्यावर केशरी टोपी, आणि इकडे ड्रीमाला कळा. पोराचा खांदा आत अडकला. जरा धीर धरायचा, बाईला कूस बदलायला लावायची, ते राहिलं बाजूला. त्यांनी ओढलं. पोर आलं, रडलंही खणखणीत. पण उजवा हात खांद्यापासून लोंबता. तो आजतागायत तसाच.

ड्रीमानं दावा लावला. तेव्हा आपल्या डोंगरात कुणी डॉक्टरवर दावा लावत नसे. डॉक्टरला मक्याची कणसं द्यायची, हरणाचं मांस द्यायचं, कोर्टाचा कागद नाही द्यायचा. पण तिनं लावला, आणि डॉक्टरांच्या विमा कंपनीनं पैसे दिले. त्यातून डेन्झिलची ऑपरेशनं झाली, शाळा झाली, आणि आज तो एका हातानं असे काही रेडिओ दुरुस्त करतो की दोन हातवाल्यांनी बघत बसावं.

पण डॉक्टर गेले खोरं सोडून. मग काय विचारतेस! चर्चच्या पायरीवर बायका एकमेकींना कोपर मारायच्या. कुणाला ताप आला की, "जा, ड्रीमाकडून औषध घे. तिनंच डॉक्टर हाकललाय ना." ती तोंडावर सांगायची, "मी डॉक्टर नाही हाकलला. माझ्या लेकराच्या हाताचं मागितलं." पण घरी जाऊन रडायची, हे मला ठाऊक आहे. कित्येक वर्षं खोऱ्यात डॉक्टर नव्हता, आणि तितकी वर्षं ते तिच्या माथी होतं.

मग आल्या डॉक्टरबाई. लिगाया मनालो, थेट फिलिपिन्सहून. एवढीशी बाई, गाडी चालवताना खाली उशी घ्यायची, नाहीतर रस्ता दिसायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात एकावर एक इतके स्वेटर घातले होते की तपासायला हात वाकेना. जुन्या बँकेच्या इमारतीत क्लिनिक उघडलं, मागे सहा खाटांचं लहानसं हॉस्पिटल. पुढच्या टेबलाला बाई हवी होती. दाराशी पाटी लावली, आणि पहिल्याच दिवशी ड्रीमा जाऊन उभी. टॅम्रा पोटात होती तेव्हा.

"डॉक्टरबाई, काम हवंय. पण आधीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. मागच्या डॉक्टरवर दावा लावला होता मी."

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चूक होती त्यांची?"

"होती. त्यांना हरणांची घाई होती."

"आणि तरी डॉक्टरकडे काम मागायला आलीस?"

"हे पोटातलं तुमच्याच हाती यायचंय ना? म्हटलं, आधी बसून बघावं, कुणाच्या हाती जाणार आहे ते."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बस इथे. मला घाई झालेली दिसली की सांगत जा."

झालं! त्या दिवसापासून ड्रीमाला जणू परवानाच मिळाला. बाहेर पेशंटांची रांग, डॉक्टरबाई भराभर चालल्यात, एकाला अर्धंच ऐकून दुसऱ्याकडे वळल्यात, की पुढच्या टेबलावरून भोंगा: "डॉक्टरबाई, हरणं!" तिकडे पावलं थांबायची. डॉक्टरबाई एक श्वास घ्यायच्या, पुन्हा त्या पेशंटाशी बसायच्या, पहिल्यापासून विचारायच्या. नवीन पेशंट खिडकीबाहेर बघायचा, कुठे आलं हरीण म्हणून! टॅम्रा जन्मली ती डॉक्टरबाईंच्या हातची खोऱ्यातली पहिली. आणि त्यानंतर वीस-एकवीस वर्षं तू, तुझे भाऊ, या खोऱ्यातली सगळी चिल्लीपिल्ली त्याच हातांची. एक दावा नाही त्या बाईवर. एक नाही.

आता २००२ साल. त्या सालची पानगळ चालू होती, आमच्या मुरांब्याचे दिवस. तांब्याचा मोठा हंडा, खाली लाकडं, आणि सकाळपासून सफरचंदं आटवायची. हंड्याच्या तळाशी तांब्याची नाणी टाकायची म्हणजे लागत नाही, आणि ढवळणं एक क्षण थांबवायचं नाही. त्या दिवशी ढवळणी ड्रीमाच्या हातात होती. टॅम्रा शेजारी पोट घेऊन बसली होती, फेब्रुवारीत दिवस भरणार होते तिचे. इतक्यात डॉक्टरबाई आल्या, आणि आल्या त्या रिकाम्या हातानं. डॉक्टरबाई कधी रिकाम्या हातानं यायच्या नाहीत. ड्रीमानं तिथेच ओळखलं.

"काय झालं?"

"जानेवारीपासून बाळंतपणं बंद करतेय मी, ड्रीमा."

ढवळणी थांबली. ओकी ओरडला, "अगं लागेल ते!" तर ती म्हणाली, "लागू दे."

गोष्ट अशी होती. डॉक्टरांना विमा काढावाच लागतो. डेन्झिलसारखं काही झालं तर पैसे कुठून यायचे, म्हणून. तर कंपनीनं कळवलं होतं की नव्या वर्षापासून हप्ता वाढणार. आणि बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांचा तर असा वाढणार की डॉक्टरबाईंची सगळी कमाई त्यातच जावी. बाळंतपणं सोडलीत, नुसतं खोकला-पडसं बघितलंत, तर हप्ता परवडेल. राज्यात डॉक्टर धडाधड सोडून चाललेच होते तेव्हा, कुणी पलीकडच्या राज्यात, कुणी घरी.

"पण तुमच्यावर तर कधी दावाच नाही," ड्रीमा म्हणाली.

"नाही. पण त्यांनी राज्यातले सगळे बाळंतपणवाले डॉक्टर एका टोपलीत घातलेत."

"म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जळायचं."

 टॅम्रानं नुसता पोटावर हात ठेवला. डोंगरापलीकडचं हॉस्पिटल म्हणजे दोन तासांची वाट, आणि फेब्रुवारीत बर्फ पडलं की ती वाटही नाही. हे तिला सांगायला नको होतं कुणी.

ओकी म्हणाला, "मुरांबा विकून पैसे उभे करू." डॉक्टरबाई इतक्या दुःखातही हसल्या. अख्ख्या खोऱ्यानं जन्मभर मुरांबा विकला असता तरी पुरला नसता तो. मग त्यांनीच सांगितलं, की कंपनीला मनाला येईल तसा दर नाही वाढवता येत. राज्याचे विमा आयुक्त असतात, त्यांची परवानगी लागते. राजधानीत, चार्ल्सटनला सुनावणी आहे, आणि तिथे कुणालाही उभं राहून बोलता येतं.

"कुणालाही?"

"कुणालाही."

"मग बोलू या की," ड्रीमा म्हणाली, आणि पुन्हा ढवळायला लागली.

ओकी म्हणाला, "हिला माईक देऊ नका म्हणजे झालं. राजधानीतल्या काचा जातील."

डॉक्टरबाईंना जाता येणार नव्हतं, दोघी बायकांचे दिवस भरत आले होते. म्हणून चर्चची व्हॅन काढली, ओकी चालवायला, ड्रीमा पुढे, मागे आम्ही चार-पाच जणी. आणि मांडीवर टोपली. टोपलीत फडक्यात गुंडाळलेले गरम पाव आणि मुरांब्याच्या बरण्या. आता हे बघ, कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जायचं नाही, हे आपल्याकडे दूध पितानाच शिकवतात. आयुक्तांच्या दारी जायचं म्हणजे काय, दारच ना ते! आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही की यात काही वावगं आहे. निळसर काचेची सगळ्यात जुनी, सगळ्यात सुबक बरणी ड्रीमानं आयुक्तांसाठी म्हणून काढली होती. तिच्या आजीची.

वाटेत रस्त्यावर न दिसणारं काळं बर्फ जमलं होतं, गाडी घसरते त्यावर, म्हणून आम्ही उशिरा पोचलो, पण तिकडेही सगळेच उशिरा. बाहेर लांब बाकावर बसून राहा. तिथे एक तरुण पोरगा बसला होता, नवा कोट, बूट चकचकीत, चेहरा मात्र उपाशी. पोट इतक्या जोरात गुरगुरलं त्याचं की आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

ड्रीमा म्हणाली, "अरे बाळा, सकाळपासून काही खाल्लंस की नाही?"

"नाही मॅडम. पहाटेच निघालो, रस्ता वाईट होता."

"मॅडम कुणाला म्हणतोस? हे घे." पाव फोडला, त्यावर मुरांबा थापला, हातात दिला. पोरानं एक खाल्ला, दुसरा खाल्ला. डोळे मिटून म्हणाला, "माझी आजी करायची असा. हंड्यात नाणी टाकायची."

"मग तू डोंगरातलाच की! मग हेही घेऊन जा," म्हणत तिनं एक आख्खी बरणीच त्याच्या हातात ठेवली. "पण एक लक्षात ठेव, बरणी परत यायला हवी."

"रिकामी नाही येणार," तो म्हणाला. बघ, पोरगा वळणाचा होता.

त्यानं काम काय करतो ते सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. माणूस खात असताना त्याला त्याचं काम विचारायचं नसतं, तेही शिकवलेलंच आहे ना आपल्याला.

मग आत बोलावलं. आयुक्तबाई होत्या त्या, केस पांढरे, चेहरा शाळेतल्या बाईंसारखा. एका बाजूला कंपनीचे लोक, मोठमोठे तक्ते. तासभर त्यांनी आकडे वाचले. मला काही कळलं नाही, ड्रीमालाही नाही, आणि ओकी तर झोपला. एक मात्र समजलं. ते म्हणत होते, दावे वाढलेत, भरपाया वाढल्यात, पैसे कुठूनतरी यायलाच हवेत. खोटं नव्हतं तेही. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की त्यांनी दवाखान्याला कुलूप घातलं. एक बाई आली, तिचं मूल दगावलं होतं डॉक्टरच्या चुकीनं, ती म्हणाली, भरपाई कमी करू नका. सगळे आपापल्या जागी खरे. आयुक्तबाई सगळं लिहून घेत होत्या.

मग, "मिसेस कास्टो."

ड्रीमा उठली, टोपलीतून ती निळसर बरणी काढली, सरळ चालत गेली आणि आयुक्तबाईंच्या टेबलावर ठेवली. "आमच्या झाडांची आहेत," म्हणाली, आणि आपल्या जागी येऊन उभी राहिली. बोलायला तोंड उघडते तोच कंपनीच्या बाजूनं कुणीतरी उठलं.

"हरकत आहे. साक्षीदारानं आयुक्तांना भेट दिलीय. ही... ही लाच ठरू शकते. त्यांची साक्ष धरू नये."

तोच! बाकावरचा! व्हिटलो त्याचं नाव, कंपनीचा वकील. शेजारी बसलेल्या मोठ्या वकिलानं त्याला ढोसून उठवलं होतं, बिचारा वर बघतसुद्धा नव्हता.

 साक्ष धरली नाही तर एवढ्या लांब येऊन काय उपयोग? हात दाखवून अवलक्षण! ड्रीमाही पांढरी पडली. टॅम्राचं पोट तिच्या डोळ्यांसमोर आलं असणार. पण गप्प बसली तर ती ड्रीमा कसली.

"लाच? अरे बाळा, लाच द्यायची असती तर डुकराची आख्खी तंगडी आणली असती. ही तर साधी रीत आहे. आणि तुला बाहेर दिली ती मग काय होती?"

आयुक्तबाईंनी चष्मा काढला. "मिस्टर व्हिटलो, तुम्हालाही दिली?"

"मला माहीत नव्हतं त्या कोण आहेत ते..."

"खाल्लीत?"

तो पोरगा कानापर्यंत लाल. "अर्धी."

सगळी खोली हसायला लागली. ओकी जागा झाला आणि काय झालं न कळताच तोही हसला. आयुक्तबाईंनी तोंडावर हात धरला होता, पण खांदे हलत होते. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "मिसेस कास्टो, हे मला घेता येत नाही. दोन्ही बाजूंना दिलंत म्हणून लाच म्हणत नाही, तुमची साक्ष राहील. पण बरणी परत न्या."

"शुगर आहे का तुम्हाला?"

"नाही. कायदा आहे."

"मग ठीक," म्हणत तिनं बरणी उचलली. पण मला विचारशील तर तिला लागलं ते. दिलेली बरणी न उघडताच परत येते तेव्हा काय वाटतं, तुला ठाऊक आहे.

व्हिटलो अजून उभाच होता. त्याला पुन्हा ढोसलं. "मिसेस कास्टो, तुम्ही स्वतः एकदा डॉक्टरवर दावा लावला होता, खरं का?"

 चर्चच्या पायरीवर जे कुजबुजत होते, ते आता राजधानीत, मोठ्यानं. मी तिच्या पाठीकडे बघत होते. ती पाठ ताठ झाली.

"लावला होता. वेळ आली तर पुन्हा लावीन. माझ्या पोराचा हात गेला डॉक्टरच्या घाईत, आणि विम्यानं त्याला शिकवलं, पायावर उभं केलं. म्हणून तर सांगते, विमा नको असं म्हणायला मी आलेच नाही. या मघाच्या बाई बोलल्या, त्यांचंही मला पटतं. विमा हवा. पण विमा आहे आणि डॉक्टरच नाही, तर तो विमा काय जाळायचाय? हंडा एवढा महाग करून ठेवाल तर मुरांबा कुणी करायचाच नाही. माझ्या लेकीला फेब्रुवारीत मूल व्हायचंय. बर्फात डोंगरावर गाडी अडकली, आणि गाडीतच काही वाईटवंगाळ झालं, तर दावा कुणावर लावू मी? डोंगरावर?"

व्हिटलो खाली बसला. 

आयुक्तबाईंनी एकच विचारलं. "तुमच्या डॉक्टर मनालोंवर कधी दावा झालाय?"

"कधीच नाही."

"का, असं वाटतं तुम्हाला?"

"कारण मी ओरडते ना," ड्रीमा म्हणाली, आणि हरणांचं सगळं सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. आयुक्तबाई कंपनीच्या लोकांकडे वळल्या. "ज्या डॉक्टरवर वीस वर्षांत एकही दावा नाही, तिला आणि ज्याच्यावर दरसाल आहे त्याला, एकच दर लावलाय तुम्ही?" ते तक्ते चाळायला लागले. पुढचं बोलणं मोठ्या मोठ्या शब्दांत गेलं, ते मी सांगणार नाही, कळलंच नाही तर काय सांगू.

येताना व्हॅनमध्ये ड्रीमा गप्प. ड्रीमा गप्प म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवल्यासारखं. बरणी मांडीवर धरून म्हणाली, "बरणीनं घात केला गं माझा. हसू झालं. आता कोण मनावर घेणार?"

ओकी म्हणाला, "बरणी कसला घात करणार? केला असता तर तुझ्या तोंडानं केला असता." पण मायेनं म्हणाला, आणि एक हात चाकावरून काढून तिच्या हातावर ठेवला.

मग वाट बघणं. थँक्सगिव्हिंगचा सण गेला, शिकारीचे दिवस गेले. टॅम्राच्या सासूनं डोंगरापलीकडे बहिणीकडे खोली लावून ठेवली, जानेवारीतच तिकडे जाऊन राहायचं असं ठरत आलं. टॅम्रा बॅग भरायची आणि रिकामी करायची. क्लिनिकात डॉक्टरबाई पोटुशा बायकांना सांगत होत्या, पुढचं तिकडे दाखवा. आणि प्रत्येक वेळी ड्रीमा टेबलावर खाली मान घालायची.

नाताळाच्या आधी कळलं. आयुक्तबाईंनी कंपनीला मागितली त्यातली थोडीच वाढ दिली. आणि सांगितलं, ज्यांच्यावर दावे नाहीत त्यांचा दर त्यांच्याच वागण्याप्रमाणे ठरवा, एका टोपलीत घालू नका. हे ड्रीमामुळे झालं असं लिहू नकोस हं. तिथे खूप लोक बोलले, खूप जणांनी खटपट केली. ड्रीमाही म्हणते, "मी फक्त मुरांबा खाऊ घातला."

तरीही हप्ता वाढलाच होता, थोडा का होईना. ड्रीमा टेबलाशी उभी राहून डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत होती.  डॉक्टरबाईंनी दारावरची 'बाळंतपणं बंद' पाटी काढली आणि तिच्या हातात दिली. "चुलीत घाल. पण एक अट आहे."

"कसली?"

"मी या वयात जास्त घाई करते. जास्त ओरडावं लागेल."

फेब्रुवारीत बर्फ असं पडलं की डोंगराची वाट कुठे हेच दिसेना. टॅम्राला सकाळी कळा सुरू झाल्या, आणि ओकीनं ट्रॅक्टरवरून तिला क्लिनिकात आणलं. डेन्झिल पुढे फावडं घेऊन, एका हातानं. दुपारी सगळं व्यवस्थित चाललं होतं, आणि डोकं बाहेर आल्यावर थांबलं. खांदा अडकला. तोच खांदा, तीच जागा. ड्रीमा तिथे उशाशी उभी होती. डॉक्टरबाईंनी काय पाहिलं ते तिनंही पाहिलं. तोंड उघडलं तिनं, पण आवाज नाही. त्या भोंग्याला आवाज फुटेना.

डॉक्टरबाईच बोलल्या, हळू, बाळाशी बोलावं तशा. "हरणं नाहीत, ड्रीमा. आज हरणं नाहीत." ओढलं नाही. टॅम्राला हातापायांवर ओणवी केली, थांबल्या, हात आत घालून खांदा वळवला, आणि पोर सुळकन आलं. मुलगी. रडायच्या आधी तिनं दोन्ही मुठी हवेत उगारल्या. दोन्ही. दाराशी डेन्झिल उभा होता, तो म्हणाला, "आई, बघ, मारायलाच आलीय ही." तेव्हा कुठे ड्रीमा रडली. आणि ती रडली ना, की पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं, मग खोऱ्यात कळवायला कुणाला पाठवावं लागलं नाही.

नाव ठेवलं लिगाया. डोंगरात कुणाला नीट म्हणता येत नाही, सगळे लिगी म्हणतात. तुझ्या धाकट्या भावाला शाळेत मारते ती हीच.

आता बरणीचं राहिलं. त्या वसंतात टपालानं एक खोकं आलं. भुश्यात गुंडाळलेली, व्हिटलोला दिलेली बरणी. रिकामी नव्हती. त्याच्या आईनं घातलेलं बीटाचं लोणचं होतं आत, काठोकाठ. सोबत एवढंच, की हरकत घ्यावी लागली, माफ करा, बाळ कसं आहे. ड्रीमानं पानगळीत ती बरणी मुरांबा भरून परत पाठवली. त्यानं पुन्हा बीट. तेव्हापासून ती जातेय नि येतेय. आयुक्तबाईंची निळसर बरणी मात्र इतकी वर्षं ड्रीमाच्या खिडकीतच होती. त्या निवृत्त झाल्याचं कळलं तेव्हा ओकी म्हणाला, आता तरी कायदा आड येणार नाही. पण पत्ता कुणाला ठाऊक?

एवढंच, बाई. बाकी तिनं किती लोकांना बसवलं, किती जणांना रागावलं, ते दुसऱ्या कुणाकडून घे. तू सोमवारी कॉलेजला चार्ल्सटनला परत जाणार ना? ड्रीमानं पाठवलेल्या दोन बरण्या दाराशी फडक्यात ठेवल्यात, गाडीत उभ्याच ठेव, आडव्या करू नकोस. साधी व्हिटलोला दे, तो आता तिथेच असतो, आणि म्हणावं, लिगी दोन्ही हातांनी खाते. निळी, ताजा मुरांबा भरलेली, ती आयुक्तबाईंची. त्यालाच विचार त्या कुठे राहतात, आणि त्यांच्या हातात दे. आणि व्हिटलोच्या आईला माझा निरोप सांग, बीट झकास असतं, पण लवंगा जरा कमी घालायला सांग.